खडकाळ बेटावरचा गोल्फ आणि गावाचे मैदान

गोल्फ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर एक बंदिस्त हिरवे संस्थान उभे राहते. दारावर पहारेकरी, आत मखमली हिरवळ, आणि तिच्यावरून संथपणे चालणारे मूठभर धनिक. या चित्रात तथ्य नाही असे कोण म्हणेल? परंतु हा दोष खेळाचा नव्हे. तो आपल्याकडे ज्या वाटेने आला त्या वाटेचा आहे. उत्तर युरोपच्या प्रवासाला निघालेला मराठी माणूस आइसलँडमध्ये हाच खेळ पाहतो, तेव्हा त्याचे निराळेच रूप त्याच्या प्रत्ययास येते. ते रूप जुन्या जालन्यासारख्या खडकाळ आणि पाण्याला पारख्या गावालाही विचार करावयास लावणारे आहे.

आइसलँड हे सुमारे एक लाख तीन हजार चौरस किलोमीटरचे बेट. लोकसंख्या चार लाखांच्या आत. भूमी लाव्ह्याची आणि हिमनद्यांची. हिवाळ्यात दिवस अवघ्या काही तासांचा. अशा देशात साठाहून अधिक गोल्फ मैदाने असावीत आणि त्यांतील बहुसंख्य नऊच होलची, साधी, लहान गावांनी सांभाळलेली असावीत, हे नवलच म्हटले पाहिजे. हाफ्नारफ्योर्दुर येथील मैदानात काळ्या लाव्ह्याचे पट्टे तसेच ठेवले आहेत. त्यात गेलेला चेंडू सहसा हाती लागत नाही. अकुरेरी येथे १९८६ पासून जूनमध्ये एक स्पर्धा भरते आणि मावळतीला न जाणाऱ्या सूर्याच्या प्रकाशात खेळाडू मध्यरात्रीनंतरही खेळत राहतात. वेस्टमन बेटांवरील क्लब १९३८ चा. तेथे जानेवारी १९७३ मध्ये ज्वालामुखीचा उद्रेक झाला, शेकडो घरे राखेत आणि लाव्ह्यात गाडली गेली, सारी वस्ती रातोरात हलवावी लागली. पुढे लोक परतले, त्यांनी राख उपसली, गाव उभे केले. आणि जुन्या ज्वालामुखीच्या कुशीत पुन्हा खेळूही लागले. जमीन जशी आहे तशी पत्करून तिच्यावर खेळावयाचे, हे या साऱ्याचे सार.

या वृत्तीचे मूळ स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर आहे. तेथील सेंट अँड्र्यूज या गावाजवळची वाळूची, नांगराला निरुपयोगी जमीन गावाच्या सामाईक वापरात होती. १५५२ च्या एका सनदेने आर्चबिशपला तेथे ससे पाळण्याचा हक्क मिळाला, आणि नागरिकांचा गोल्फ, फुटबॉल व नेमबाजी यांचा हक्क मान्य झाला. अठराव्या शतकाच्या अखेरीस कर्जात बुडालेल्या नगरपरिषदेच्या हातून ही जमीन सुटली, सशांचा व्यापार करणाऱ्यांकडे गेली, आणि खेळणाऱ्यांना वर्षानुवर्षे कज्जे लढावे लागले. १८९४ मध्ये नगराने संसदेच्या कायद्याचा आधार घेऊन ती परत मिळविली. जगप्रसिद्ध झालेले ते मैदान आजही सार्वजनिक आहे. रविवारी तेथे सहसा खेळ बंद असतो आणि गावकरी फिरावयास जातात.

मराठवाड्याने स्कॉटलंडची माणसे पाहिली ती मात्र रणांगणावर. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे वेलस्लीच्या फौजेत हायलंडर सैनिकांच्या दोन पलटणी लढल्या. पुढे १८२७ मध्ये जालन्यास छावणी वसली. देशभर गोल्फ पसरला तो अशा छावण्यांच्या आणि साहेबी क्लबांच्या आश्रयाने. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा, मुंबईचा १८४२ चा. गावकऱ्यांचा सामाईक हक्क तिकडेच राहिला; इकडे आले ते कुंपण. अठरा होलच्या मैदानास शंभराहून अधिक एकर जमीन लागते आणि आपल्या उन्हाळ्यात ती हिरवी ठेवावयास रोज पाणी. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरची वाट पाहणाऱ्या जालन्याने असल्या हिरवळीचे स्वप्न पाहू नये, हे सांगावयास तज्ज्ञाची गरज नाही.

मग आइसलँडपासून घ्यावयाचे काय? जालन्याखालचा काळा पाषाण आणि त्या बेटाचा पाषाण एकाच जातीचे, दोन्ही लाव्ह्यातून जन्मलेले. फरक आहे तो पडीक जमिनीकडे पाहण्याच्या दृष्टीत. तेथे ती गावाचे अंगण ठरते. येथे ती ‘रिकामी’ ठरते, आणि रिकाम्या जागेला वारस फार लवकर भेटतात. नाशिकचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. तेथील गोल्फ क्लब मैदानाला आज हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे नाव आहे. औरंगाबादेत शिकणाऱ्या या तरुणाने १९०९ मध्ये नाशिकच्या कलेक्टरचा वध केला. साहेबांचा गोल्फ गेला, मैदान मात्र उरले. तेथे रणजी सामने झाले आणि पहाटे सामान्य नागरिक फिरू लागले. खेळ बदलला तरी चालते. जमीन गेली की सारेच संपते.

जालन्याची नगरपरिषद २०२३ मध्ये महानगरपालिका झाली. शहर वाढणार, आराखडे होणार, त्यांत मैदानांची आरक्षणेही पडणार. परंतु राज्याच्या १९६६ च्या नगररचना कायद्यातील कलम १२७ विसरून चालणार नाही. दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, मालकाने नोटीस दिली आणि ठरलेल्या मुदतीतही पावले पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते. म्हणजे मैदान गिळावयास आक्रमकाचीच गरज नाही. नुसता आळसही पुरेसा आहे. गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सर्व राज्यांना बजावले. परंतु ज्या जमिनीवर गावाचा पाय रोज पडत नाही, तिचे रक्षण निकालपत्रे किती काळ करणार?

कुंडलिकेच्या काठी वसलेल्या जुन्या जालन्याला मखमली हिरवळ नको आहे. त्याला हवे आहे मुरमाचेच, पण मोकळे मैदान. जेथे मुलांनी विटीदांडू खेळावा, क्रिकेट खेळावे, वृद्धांनी सायंकाळी टेकावे. नऊ होलचे ओबडधोबड मैदान जपणाऱ्या त्या उत्तरेकडील गावांजवळ संपत्तीपेक्षा एक गोष्ट अधिक मोलाची आहे: ही जमीन आपली, ही भावना. नव्या महानगराच्या नकाशावर पहिली रेघ ओढताना जालनेकरांनी तेवढी भावना जागी ठेवली, तरी पुष्कळ साधेल.