आधी तारीख, मग टक्का

विमा पॉलिसीची मुदत संपते, वडिलोपार्जित जमिनीतला वाटा मिळतो किंवा निवृत्तीनंतर ग्रॅच्युइटी हाती येते आणि चार-पाच लाखांची रक्कम एकदम खात्यात जमा होते. मग घरात चर्चा सुरू होते ती टक्क्यांची. कोणती बँक पाव टक्का जास्त देते, कोणत्या फंडाने गेल्या वर्षी किती दिले, सोने आणखी चढेल का? पण पाच लाखांवर एक टक्का जास्त मिळाला, तर वर्षाकाठी हाती येतात पाच हजार रुपये. तीच रक्कम ऐन गरजेच्या वेळी अडकलेली किंवा घसरलेली असली, तर फटका लाखाच्या घरात बसतो. म्हणूनच बेताच्या रकमेचा निर्णय घेताना आधी पैसे कधी लागणार ते ठरवावे, परताव्याचा विचार त्यानंतर करावा.

शेअर बाजाराचा इतिहास हेच सांगतो. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्सने २१,००० चा टप्पा ओलांडला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो ८,००० च्याही खाली आला. शिखरावर गुंतवलेल्या पाच लाखांचे दहा महिन्यांत दोन लाखही उरले नव्हते. नोव्हेंबर २०१० मध्ये निर्देशांक पुन्हा २१,००० ला टेकला, पण लगेच घसरला आणि ती पातळी पुन्हा दिसायला २०१३ उजाडले. २०२० ची पडझड त्या मानाने लवकर भरून निघाली. जानेवारीत ४२,००० च्या आसपास असलेला सेन्सेक्स २३ मार्चला २६,००० च्या खाली होता आणि पुढच्या जानेवारीत त्याने ५०,००० गाठले. दोन्ही वेळा थांबू शकणारा तरला आणि ज्याला विकावे लागले तो बुडाला. मार्च २०२० मध्ये बाजार पडत होता, तेव्हाच पगार कापले जात होते आणि नोकऱ्या जात होत्या. बाजाराची मंदी आणि घरची अडचण अशी अनेकदा हातात हात घालून येते. त्यामुळे ‘लागलेच तर विकून टाकू’ हा हिशेब कागदावरच बरा दिसतो.

यातून रकमेचे वाटप आपोआप ठरते. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल, तर ती आधी फेडावी. तिच्यावर महिन्याला तीन-साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास व्याज लागते आणि तेवढा खात्रीचा परतावा कोणतीही गुंतवणूक देत नाही. मग सहा महिन्यांचा घरखर्च बचत खात्यात आणि सहज मोडता येणाऱ्या मुदत ठेवीत ठेवावा. मुलीची कॉलेजची फी, घराची दुरुस्ती असे तीन वर्षांच्या आतले खर्च असतील, तर तो पैसाही मुदत ठेवीतच बरा. पाच वर्षे हात लावायचा नसेल, तर पोस्टाचे राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र चालते, मात्र ते एरवी मुदतीआधी मोडता येत नाही. सात-आठ वर्षे किंवा त्याहून अधिक काळ ज्याची गरजच पडणार नाही, तेवढाच पैसा शेअर बाजारात जावा. तोही कमी खर्चाच्या इंडेक्स फंडात, आणि स्वतः व्यवहार करता येत असतील तर डायरेक्ट प्लॅनमधून. त्यात वितरकाचे कमिशन वाचते.

यावर पहिला आक्षेप महागाईचा येतो आणि तो खोटा नाही. सात टक्क्यांच्या ठेवीवर तीस टक्के कर गेला, की हाती पाच टक्केही उरत नाहीत. महागाई सहा टक्के असेल, तर ठेवीचे मूल्य दरवर्षी टक्काभर झिजते. वीस वर्षांच्या पैशासाठी ही झीज घातक आहे आणि म्हणूनच तो पैसा ठेवीत पडून राहू नये. पण दोन वर्षांनी लागणाऱ्या दोन लाखांवर ही झीज चार-साडेचार हजारांची होते. तेवढे वाचवण्यासाठी निम्मी रक्कम गमावण्याचा धोका पत्करण्यात शहाणपण नाही.

दुसरा आक्षेप असा, की बँकाही बुडतात. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा खातेदारांना सुरुवातीला केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. तेव्हा एक लाख असलेली ठेव विम्याची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख झाली. एका बँकेतल्या एका ठेवीदाराच्या सर्व ठेवी मिळून, व्याजासकट, ही मर्यादा लागू होते. त्यामुळे पाच लाख एकाच बँकेत ठेवले, तर व्याज संरक्षणाबाहेर पडते. रक्कम दोन बँकांत विभागणे सोपे आहे. सहकारी बँकांच्या ठेवींनाही हा विमा लागू आहे, पतसंस्थांच्या ठेवींना मात्र नाही. गावोगावच्या पतसंस्था एक-दोन टक्के जास्त देतात तेव्हा हा फरक लक्षात ठेवावा.

बाजारात जाणारा वाटा एकदम गुंतवावा की हप्त्याहप्त्याने? व्हॅनगार्ड या अमेरिकी फंड कंपनीने २०१२ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या बाजारांचा अभ्यास केला, त्यात सुमारे दोन तृतीयांश वेळा एकरकमी गुंतवणूक सरस ठरली. कारण उघड आहे. बाजार पडतो त्यापेक्षा अधिक वेळा चढतो. तरीही पहिल्याच वर्षी मोठी घट पाहून जो घाबरून विकेल, त्याने सहा ते बारा महिन्यांत हप्ते पाडलेले बरे. थोडा परतावा सुटेल, पण माणूस बाजारात टिकून राहील.

सोन्यालाही हीच कसोटी लावावी. २०१२ मध्ये दहा ग्रॅमला ३१,००० रुपयांच्या आसपास असलेला भाव २०१८ मध्येही तेवढाच होता आणि दागिन्यांत घडणावळ वेगळी जाते. ‘तीन वर्षांत दुप्पट’ सांगणाऱ्यासाठीही तारखेचा हिशेब पुरेसा आहे. एप्रिल २०२३ मध्ये किसान विकास पत्रावर साडेसात टक्के व्याज ठरले, तेव्हा पैसे दुप्पट व्हायची मुदत ११५ महिने, म्हणजे साडेनऊ वर्षांहून थोडी जास्त झाली. तीन वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला जवळपास सव्वीस टक्के. एवढी हमी कोणी देत असेल, तर त्याच्याशी चर्चा तिथेच थांबवावी. बाकी सर्व पर्यायांपुढे, सही करण्याआधी, कागदावर दोन गोष्टी लिहाव्यात: हा पैसा कोणत्या वर्षी लागणार आणि त्याआधी लागलाच तर किती कापून हाती येईल. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर विकणाऱ्याला देता येत नसेल, तर त्याने सांगितलेल्या टक्क्याला काही अर्थ नाही.