बिल रद्द, आकडा मात्र तसाच!

दुकानातील संगणकावर मालक बिलातील १० वह्यांच्या जागी १०० लिहितो, गिऱ्हाइकाचे नाव बदलतो आणि मग विचार बदलून 'रद्द' दाबतो. नाव पूर्ववत होते, वह्या मात्र १००च राहतात. प्रोग्राम लिहिणाराने बिलाची प्रत आधीच काढून ठेवली होती. मग असे का व्हावे?

१९९१ साली प्रसिद्ध झालेली पायथन ही संगणकभाषा उदाहरणादाखल घेऊ. तिच्याबरोबर येणाऱ्या तयार प्रोग्रामांच्या संचाला लायब्ररी म्हणतात. पुस्तकांशी तिचा संबंध नाही! तीत 'कॉपी' नावाचा विभाग आहे. त्याची साधी प्रत उथळ असते. आपण वाणिज्य शाखेचे विद्यार्थी हे चटकन ओळखू. कागदावर 'तपशील खतावणी पान १२' असे लिहिले असेल, तर त्या कागदाची नक्कल केल्याने पान १२ची नक्कल होत नाही. दोन्ही कागद एकाच पानाकडे बोट दाखवतात. त्या पानावर खाडाखोड झाली की दोन्ही नकला बिघडल्या.

यावर उपाय 'डीपकॉपी'. ती पान १२चीही नक्कल करते, आणि त्या पानात उल्लेखिलेल्या पानांचीही. पण गिऱ्हाइकाच्या खात्यात बिलाचा व बिलात गिऱ्हाइकाचा उल्लेख असेल तर? नक्कल कधी संपायचीच नाही. म्हणून कोणत्या वस्तूची प्रत झाली याची यादी ती जवळ बाळगते व दुसऱ्यांदा तीच प्रत वापरते. ही युक्ती मला फार आवडली.

तरीही एका दरासाठी १०,००० मालांची यादी उतरवणे म्हणजे उधळपट्टीच. त्यापेक्षा कीर्दीप्रमाणे फक्त बदल टिपावा: कोणता माल, कोणता रकाना, जुना आकडा कोणता. परतताना मात्र शेवटची नोंद आधी घ्यावी. दर १०चा १२ व १२चा १५ झाला असेल, तर आधी १२ व मग १० करायचे. क्रम चुकला तर दर १२वरच अडकेल.

बिलाच्या आत मालाची वेगळी खिडकी उघडली, तर त्या क्षणी कीर्दीत खूण करावी. एस्‌क्यूएलमध्ये अशा खुणेला सेव्हपॉइंट म्हणतात. आतले 'रद्द' त्या खुणेपर्यंतच मागे जाते. बाहेरचे 'रद्द' मात्र आत मान्य केलेलेही पुसते. म्हणून आत 'मान्य' दाबले तरी जुन्या आकड्यांच्या नोंदी टाकून चालत नाही, संपूर्ण बिल पक्के होईपर्यंत त्या ठेवाव्याच लागतात.