सांगोल्याचे आबा : अकरा विजय आणि दोन पराभव

आमदार म्हटला की आपल्या शहरी घरांत डोळ्यांपुढे काय उभे राहते, ते सांगायला नको. पांढरे शुभ्र कपडे, मागेपुढे माणसांचा घोळका, दारात मोटारींची रांग, आणि पाच वर्षांतून एकदा जोडलेले दोन हात! ‘निवडून आला की पुन्हा तोंड दाखवायचा नाही’ हे भाकीत चहाच्या पेल्याबरोबर घरोघर वर्तवले जाते, आणि पुष्कळदा ते खरेही ठरते. अशा वेळी एखादा गृहस्थ एकाच मतदारसंघातून, एकाच पक्षाच्या वतीने, तोही बहुतेक काळ विरोधी बाकांवर बसणाऱ्या पक्षाच्या वतीने, अकरा वेळा विधानसभेत निवडून गेला, असे कोणी सांगितले तर आपण म्हणू, ‘काही तरी गौडबंगाल असले पाहिजे!’

सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्याचे गणपतराव देशमुख यांची हकीकत मात्र अगदी अशीच आहे. मुलुखात त्यांना सारे ‘आबा’ म्हणत. १९६२ साली पस्तिशीतला हा वकील शेतकरी कामगार पक्षाचा उमेदवार म्हणून प्रथम विधानसभेत गेला. आणि २०१४ साली ते अकराव्यांदा निवडून आले, तेव्हा त्यांचे वय होते अठ्ठ्याऐंशी!

मुलुख कसा, माणसे कशी

आबांची निवडणूक समजून घ्यायची तर आधी तो मुलुख पाहिला पाहिजे. सांगोला हा माणदेशाचा भाग. शेजारच्या आटपाडी तालुक्यातले माडगूळ हे व्यंकटेश माडगूळकरांचे गाव. ज्यांनी ‘माणदेशी माणसं’ आणि ‘बनगरवाडी’ वाचली आहे, त्यांना या मातीची ओळख निराळी करून द्यायला नको. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस इथे पोचेपर्यंत रिकामा झालेला असतो. माण नदी वर्षातले बरेच महिने नुसती वाळूच वाहते. ज्वारी-बाजरी पिकली तर पिकली, नाही तर मेंढरे हाकीत परमुलुख गाठायचा, नाही तर खडी फोडायला जायचे. साखर कारखान्यांच्या धुराड्यांभोवती पश्चिम महाराष्ट्राचे जे राजकारण उभे राहिले, त्याला लागणारा ऊसच मुळी या रानात नव्हता.

अशा मुलुखात १९६२ साली लाल बावट्याचा उमेदवार निवडून आला. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरची ती पहिली निवडणूक. २६४ जागांपैकी काँग्रेसने २१५ जिंकल्या होत्या. शेतकरी कामगार पक्षाला मिळाल्या अवघ्या १५. तरीही विरोधी पक्षांत तोच सर्वांत मोठा ठरला. त्या पंधरांतली एक जागा सांगोल्याची.

जमाखर्च मांडू या

विक्रम म्हटला की आपण टाळ्या वाजवून मोकळे होतो. पण आकडे मांडून पाहिले तर त्यातली गंमत अधिक कळते. १९६२ ते २०१४ या काळात महाराष्ट्र विधानसभेच्या बारा सार्वत्रिक निवडणुका झाल्या. आबा त्या बाराही लढले आणि दहा जिंकले. १९६२ आणि १९६७ ला विजय. १९७२ ला पराभव. त्या वर्षी काँग्रेसने २७० पैकी २२२ जागा मिळवल्या होत्या आणि शेतकरी कामगार पक्ष सातांवर आला होता. दोनच वर्षांनी, १९७४ साली, पोटनिवडणूक लागली आणि आबा परत आले. मग १९७८, १९८०, १९८५, १९९० असे लागोपाठ चार विजय. १९९५ ला पुन्हा पराभव. आणि त्यानंतर १९९९, २००४, २००९, २०१४. पोटनिवडणूक धरून तेरा लढती, अकरा विजय, दोन पराभव!

यातला १९९५ चा पराभव तर चटका लावणारा. काँग्रेसचे तरुण उमेदवार शहाजीबापू पाटील यांनी आबांना हरवले, ते फक्त १९२ मतांनी. एस.टी.च्या चार गाड्या भरतील एवढीच ही माणसे! त्या चार गाड्या दुसऱ्या फाट्याला वळल्या असत्या तर निकाल फिरला असता. एकवीस वर्षे सलग घरच्यासारखी झालेली जागा अशी निसटल्यावर एखाद्याने साठी उलटलेल्या वयात देवधर्माला लागायचे. आबा पुढच्या निवडणुकीच्या तयारीला लागले, आणि चार वर्षांनी त्यांनी जागा परत मिळवली.

देशात अकरा हा आकडा सर्वांत मोठा नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. तामिळनाडूचे करुणानिधी १९५७ पासून २०१६ पर्यंत तेरा वेळा विधानसभेत निवडून गेले; पण त्यांनी मतदारसंघ अनेकदा बदलले. केरळचे के. एम. मणी पाला या एकाच मतदारसंघातून तेरा वेळा निवडून आले. तेव्हा आबांचे वेगळेपण नुसत्या संख्येत शोधून भागणार नाही. करुणानिधी पाच वेळा मुख्यमंत्री झाले, मणींनी अर्थखाते वर्षानुवर्षे सांभाळले. आबा मंत्री झाले ते दोनदाच : १९७८ साली शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात, आणि १९९९ साली विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात. बाकीचा सारा काळ विरोधी बाकावर. शिवाय त्यांचा पक्ष दिवसेंदिवस आटत चालला होता. १९९९ ला पाच, २००४ ला दोन, २०१४ ला तीन आमदार. लाट कधी इंदिराजींची आली, कधी युतीची, कधी मोदींची. सांगोल्याच्या पेटीतून मात्र बहुधा तेच नाव बाहेर पडत राहिले.

मते कशाची मिळाली?

मग हे घडले कसे? कोणी म्हणते, धनगर समाजाची मते त्यांच्या पाठीशी होती. ते खरेच आहे. आबा त्याच समाजातले आणि सांगोल्यात त्या समाजाची वस्ती मोठी. पण केवळ जातीच्या बळावर माणूस निवडून येतो, तर मग तो १९७२ ला आणि १९९५ ला हरला कसा? मतदार तेच होते, जातही तीच होती.

कोणी म्हणते, साधेपणा. आमदार एस.टी.च्या बाकावर बसून मुंबईला जातो, ही गोष्ट महाराष्ट्रभर कौतुकाने सांगितली गेली. तीही खरी आहे. पण नुसत्या साधेपणाने विहिरीला पाणी लागत नाही, आणि माणदेशी माणूस भाबडा तर मुळीच नाही.

खरी गोम कामाच्या जातीत आहे. दुष्काळात माणसाला दोन गोष्टी लागतात : हाताला काम आणि रानाला पाणी. १९७२ च्या भीषण दुष्काळाच्या अनुभवातून महाराष्ट्रात रोजगार हमी योजनेने जोर धरला. तिचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम देण्याची जबाबदारी सरकारवर टाकणारा हा कायदा सांगोल्यासारख्या तालुक्याला जीवनदायी होता, आणि आबा त्याचे जागरूक पहारेकरी. पुढे १९९० पासून याच योजनेला फळबागांची जोड मिळाली. ज्या माळावर कुसळे उगवत, तिथे बोरे आणि डाळिंबे आली. थेंबाथेंबाने पाणी देऊन वाढवलेले सांगोल्याचे डाळिंब परदेशी गेले. त्या डाळिंबालाही पुढे तेल्या रोगाने ग्रासले आणि अनेक बागा उपटाव्या लागल्या, हे खरे. पण कोरडवाहू रानातून पैसा निघू शकतो, हा धडा तालुक्याने गिरवला तो गिरवलाच.

पाण्याची कथा आणखी लांबची. १९९३ पासून आटपाडीला दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरू लागली. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी तिचे प्रमुख आणि आबा त्यांचे जोडीदार. कऱ्हाडजवळ टेंभूला कृष्णेचे पाणी उचलून ते टप्प्याटप्प्याने चढवीत माणदेशात आणायचे, ही मागणी ऐकून प्रथम पुष्कळांना हसू आले असेल. पाणी खालून वर जाते का कधी? पण विजेच्या पंपांनी ते गेले. मात्र त्याला इतकी वर्षे लागली की मागणी करणाऱ्या पिढीतले किती तरी जण ते पाणी पाहायला उरले नाहीत.

आणि सूत गिरणी! जिथे कापूस पिकत नाही तिथे सहकारी सूत गिरणी काढायची, हा विचार कागदावर वेडेपणाचाच दिसतो. पण बोंडे पिकत नसली तरी काम मागणारे हात सांगोल्यात हवे तेवढे होते. आबांनी गिरणी उभी केली आणि चालवून दाखवली. सहकारी संस्था काढणे सोपे, ती पुढाऱ्याच्या हयातीत शाबूत ठेवणे कठीण, हे आपल्या राज्यात कोणाला समजावून सांगायला नको.

दुसरी बाजू

पण नाण्याला दुसरी बाजू असते. टीकाकार विचारीत : आबा सत्ताधारी पक्षात असते, तर पाणी दहा वर्षे आधी आले नसते का? एकाच माणसाला अर्धे शतक निवडून देणाऱ्या तालुक्यात नव्या नेतृत्वाची वाढ खुंटत नाही का? हे प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. १९९५ ला ज्या मतदारांनी आबांना घरी बसवले, त्यांच्या मनात कदाचित हेच प्रश्न असतील. त्याला एकच उत्तर देता येईल : पक्ष बदलण्याचा मोह आबांनी एकदाही केला नाही. सत्तेकडे धाव घेणाऱ्याला निधी लवकर मिळतो, हे जितके खरे, तितकेच हेही खरे की आपला आमदार निवडणुकीनंतर कोठे असेल याची ज्या मतदाराला खात्री असते, तोच त्याला जाब विचारू शकतो.

२०१९ साली वयोमानामुळे आबा थांबले. पक्षाने त्यांचे नातू अनिकेत यांना उभे केले. समोर पुन्हा शहाजीबापू पाटील, या वेळी शिवसेनेचे. निकाल लागला आणि नातू ७६८ मतांनी पडला! आजोबांच्या पुण्याईवर मतदार डोळे मिटून शिक्का मारीत नाहीत, हे सांगोल्याने दाखवून दिले. ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात आबांचे निधन झाले. २०२४ ला दुसरे नातू, बाबासाहेब देशमुख, त्याच पक्षाकडून उभे राहिले आणि शहाजीबापूंना हरवून निवडून आले. याला कोणी घराणेशाही म्हणेल, कोणी विश्वास म्हणेल. खरे काय ते पुढल्या निवडणुका ठरवतील. कारण आजोबांनासुद्धा तिथे परीक्षा चुकली नव्हती.

दिवाळीच्या फराळाला चार माणसे जमली की राजकारणाचा विषय निघतोच, आणि ‘सगळे एका माळेचे मणी’ असा निकाल देऊन आपण चकलीकडे वळतो. असा निकाल द्यायला काही खर्च येत नाही. सांगोल्याच्या दुष्काळी माणसांनी मात्र तसे केले नाही. त्यांनी आपला आमदार तेरा वेळा पारखला, अकरा वेळा ठेवला आणि दोन वेळा परत पाठवला. त्या माणसाइतकेच श्रेय या पारखीलाही द्यायला हवे. तुमच्या-आमच्या वॉर्डाच्या आमदाराने गेल्या वर्षी सभागृहात कोणता प्रश्न विचारला, हे फराळाला बसलेल्यांपैकी कितीजणांना सांगता येईल? विचारून पाहा एकदा.