अकरा पिढ्या, सव्वासहा फूट

सकाळी 9.30. पुण्यात नारायण पेठेतली डीटीपीची खोली. ताईंनी संगणक लावला. टेबलावर फूलस्केप कागदांची चळत. एका घराण्याची वंशावळ, 11 पिढ्या, 540 नावं. दर नावामागे 6 रुपये, मुद्रितं तपासणं त्यातच.

10.15. आधी गणित. शेवटच्या पिढीत 212 नावं. प्रत्येकाला 3 सेंटिमीटरची चौकट दिली आणि शेजारी शेजारी मांडल्या, तर 636 सेंटिमीटर. जवळजवळ 21 फूट. एवढी भिंत कुणाकडे आहे? ताई शेवटच्या पिढीतली भावंडं एकाखाली एक लावतात. असे गट 64. रुंदी 192 सेंटिमीटरवर आली. सव्वासहा फूट.

11.30. एक पिढी एका आडव्या पट्टीत, बाप मुलांच्या बरोबर मध्यावर. रेषा काटकोनातच वळतात. तिरक्या रेषा गर्दीत एकमेकींना छेदतात आणि कोण कुणाचा ते हरवतं. सगळ्या रेषा करड्या, बारीक. नावं काळी. दत्तक असेल तिथे तुटक रेष.

1.45. डबा. पोळी-भाजी.

2.15. आजोबाचं नाव नातवाला. त्यामुळे एकाच शाखेत विनायक तीन. प्रत्येकाला क्रमांक दिला. चार शाखांना मागे फिका रंग. शिवाय अ, आ, इ, ई ही अक्षरंही. काळी-पांढरी झेरॉक्स काढली की रंग जातात, अक्षर राहतं.

4.00. चहा, 15 रुपये. मग लहान करून चार ए-थ्री प्रिंट, 40 रुपये. कागद जोडून भिंतीला लावले. ताई चार पावलं मागे गेल्या. "शाखा दिसतात. नावं चिकटलीत." वरच्या नावाचा उकार खालच्या वेलांटीला टेकत होता. मराठीत ओळींमधली जागा सढळच ठेवावी लागते. ती वाढवायची म्हणजे खालचं सगळं सरकवायचं. पाऊण तास त्यातच गेला. मला हेच खरं काम वाटलं.

5.40. वंशावळ करून घेणारे काका आले. चष्मा पुसून भिंतीसमोर उभे राहिले. बोट पणजोबांवर ठेवलं आणि रेषेवरून खाली आणत स्वतःपर्यंत पोचले. कुठे थांबले नाहीत. मग पिशवीतून आणखी एक कागद काढला. "ताई, बहिणींची मुलंबाळं राहिलीत."

अनेक जुन्या कुलवृत्तांतांत मुलीचं नाव यायचं, पण तिथून रेष पुढे जात नसे. ताईंनी कागद मोजला. 31 नावं. "काका, दोन शाखा पुन्हा मांडाव्या लागतील. परवा देते."

7.10. पहिली बहीण जरा डावीकडे सरकली. तिच्याखाली रेष उतरली, भावाच्या रेषेइतकीच जाड. बिलात 186 रुपये वाढले.