इंचभर ढाळ

सकाळी 7.30. भाईंदर स्टेशनहून निघालेली बस चौक गावात रिकामी होते. मिस्त्री उतरतो, मागून बिगारी. दोघांच्या खांद्यावर एकेक पिशवी: थापी, करणी, ओळंबा, छन्नी, कटर. वर धारावी किल्ल्याची टेकडी, खाडीपल्याड वसईचा किल्ला. घर गल्लीच्या टोकाला आहे. तिथं टेम्पो जात नाही. पन्नास किलोची सिमेंटची गोणी बिगाऱ्याच्या डोक्यावर.

8.00. न्हाणीघर चार बाय पाच. कालपासून त्यात चार बोटं पाणी भरून ठेवलंय. मिस्त्री भिंतीवरची पेन्सिलची खूण बघतो. "काकी, वॉटरप्रूफिंग पास. पाणी उतरलं नाही." घरमालकीण काकी सुकटाच्या टोपल्या उचलता उचलता मान हलवतात.

8.45. भिंतीच्या जुन्या लाद्यांवर हातोड्याचा दांडा फिरतो. ज्या घट्ट वाजतात त्या राहणार. खालच्या दोनच रांगा काढल्यात. जुना रंग आता मिळत नाही, म्हणून खाली गडद निळा पट्टा, आणि जमिनीलाही तीच खरखरीत लादी. उरलेल्या लॉटमधली, नगाला 35 रुपये. साठ आणल्या. मला हा हिशेब फार शहाणपणाचा वाटला.

10.30. एकास चार माल. बिगारी धुतलेली वाळू चाळतो. जुन्या गिलाव्यात किनाऱ्याची रेती होती. खारानं पापुद्रे सुटले. लोखंडी पाइपही गंजला, आता सीपीव्हीसी. नळ आणि नहाणी ट्रॅप मात्र जागचे हलवलेले नाहीत. जागा बदलली की फोडकाम वाढतं.

1.00. भाकरी, बोंबलाचं कालवण. काकींनी पैसे घ्यायला नकार दिला.

1.45. आता खरं काम. दरवाज्यापासून ट्रॅपपर्यंत पाच फुटांत इंचभर ढाळ. मिस्त्री दोरी ताणतो, लेव्हल ठेवतो, माल ओढतो, लादी ठोकतो. एक लादी परत उचलतो. बिगाऱ्याला वाटतं, चाललं असतं. "इथं पाणी थांबलं तर काकी घसरेल," मिस्त्री म्हणतो. ट्रॅपभोवतीची लादी चार तुकड्यांत कापली जाते. कटरची धूळ दोघांच्या भुवयांवर. या एका कोपऱ्यात पाऊण तास गेला. जायलाच हवा होता.

5.00. तांब्याभर पाणी ओततात. सरळ ट्रॅपकडे जातं. काकी स्वतः पुन्हा ओतून बघतात.

5.30. मिस्त्रीचे हजार, बिगाऱ्याचे साडेसहाशे. राडारोड्याच्या गोण्या उद्या न्यायच्या. सांधे उद्या भरायचे, तोवर पाय ठेवायचा नाही. फायबरच्या दरवाज्याचे पैसे मात्र उरले नाहीत. "मासेमारीची बंदी उठल्यावर बघू," काकी म्हणतात. म्हणजे ऑगस्टात. मिस्त्री चौकटीला पडद्यासाठी दोन खिळे मारून देतो.