एका घोड्याची दाद

बुद्धिबळाच्या पटावर दोन राजे आणि दोघांचा एकेक घोडा एवढंच उरलं, तर शाळकरी पोरही हात पुढे करून म्हणेल, ‘चला, बरोबरी!’ पण २००८ साली रशियातल्या नालचिक शहरात पोलंडच्या मोनिका सोच्को यांनी तसं म्हटलं नाही.

महिलांच्या जगज्जेतेपदाची ती बाद पद्धतीची स्पर्धा. पहिल्याच फेरीत रुमानियाच्या सबिना-फ्रान्सिस्का फोइशोरशी सामना शेवटच्या निर्णायक डावावर येऊन ठेपला. या डावात पांढऱ्याला वेळ जास्त मिळतो, पण काळ्याला नुसती बरोबरीही पुरते. मोनिका पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळत होत्या. दोघींकडे राजा आणि घोडा उरला आणि फोइशोरची वेळ आधी संपली. पंचांनी बरोबरी जाहीर केली. म्हणजे मोनिका स्पर्धेबाहेर!

त्यांनी दाद मागितली. नियम असा, की वेळ संपली तो हरला. मात्र कुठल्याही नियमशीर चालींनी त्याच्यावर मात होणं शक्यच नसेल, तरच बरोबरी. इथे मात शक्य होती का? होती. समजा, काळा राजा कोपऱ्यात आहे. शेजारच्या घरात त्याचाच घोडा वाट अडवून बसलाय. सुटकेची बाकीची घरं पांढऱ्या राजाने रोखली आहेत आणि पांढरा घोडा शह देतोय. झाली मात! प्रत्यक्षात कोण असं होऊ देईल? पण नियम तेवढंच विचारतो, होऊ शकतं की नाही. निर्णय फिरला आणि मोनिका पुढच्या फेरीत गेल्या. फोइशोरला ते फार लागलं असणार, पण नियम दोघींना सारखाच होता.

मोनिका यांचा जन्म वॉर्साचा, १९७८ चा. सतराव्या वर्षी, १९९५ साली त्या पोलंडच्या महिला विजेत्या झाल्या. दुसऱ्या विजेतेपदासाठी मात्र २००४ पर्यंत थांबावं लागलं. २००५ साली पोलंडच्या महिला संघाने युरोपीय सुवर्ण जिंकलं, त्या संघात त्या होत्या. २००८ सालीच त्यांना ग्रँडमास्टर किताब मिळाला. स्त्रियांसाठीचा वेगळा नव्हे, पुरुष मिळवतात तोच. आणि तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या पोलिश महिला. २०१६ च्या बाकू ऑलिंपियाडमध्ये संघासह रौप्य आणि २०१७ साली देशाचं आठवं विजेतेपद.

आम्ही कवी मंडळी ‘अशक्य’ हा शब्द फार सैलपणे वापरतो. नालचिकचा तो डाव वाचल्यापासून मी तो लिहिताना जरा थांबतो. खरंच अशक्य आहे, की आपणच कंटाळून हात पुढे केलाय, एवढं तपासून घेतो.