नक्कल आणि नकली

कल्याणच्या न्यायालयात ‘नक्कल’ म्हणजे खरा कागद. अर्ज करायचा, फी भरायची. सही-शिक्का झाला की ती अस्सलाच्या जागी चालते. न्यायालयाबाहेर याच शब्दाचा अर्थ फिरतो. डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींच्या रहिवाशांना तो फिरलेला अर्थ फार महागात पडला. महापालिकेच्या नावाने बनावट बांधकाम परवानग्या तयार झाल्या, त्यांवर राज्याच्या गृहनिर्माण नियामकाची, महारेराची, नोंदणी मिळाली आणि ती नोंदणी पाहून लोकांनी कर्ज काढून घरं घेतली. १९ नोव्हेंबर २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचा आदेश दिला.

असं काही घडलं की ‘ब्लॉकचेन आणा’ हे ओघाने येतंच. तिचा गाभा साधा आहे. डिजिटल कागदाचा गणिताने ठसा काढतात, तो ‘हॅश’. कागदातला एक स्वल्पविराम बदला, अख्खा ठसा बदलतो. असे ठसे एकात एक गुंफून अनेक कार्यालयांच्या संगणकांवर ठेवले, की मागची नोंद गुपचूप खोडता येत नाही. दुसऱ्याकडची वही चुगली करते. गडचिरोलीच्या एटापल्लीत २०२२ मध्ये जातीचे दाखले ब्लॉकचेनवर नोंदवायला घेतले होते.

न्यायालयांच्या संगणकीकरणाचा प्रकल्प म्हणजे ई-कोर्ट्स. त्याच्या ७,२१० कोटींच्या तिसऱ्या टप्प्यात एआय, ब्लॉकचेन वगैरेंसाठी ५३.५७ कोटी आहेत, तर जुने कागद स्कॅन करून जपायला २,०३८.४० कोटी. हे प्रमाण मला शहाणपणाचं वाटतं. कागद बासनातच असेल तर ठसा कशाचा घेणार? शिवाय ठसा कायद्यात आलेलाच आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे, मोबाइलमधला व्हिडिओ पुराव्यात देताना प्रमाणपत्रात त्याचा हॅश लिहावा लागतो. त्याला ब्लॉकचेन लागत नाही.

डोंबिवलीत ती असती तर? बनावट परवानगीचा ठसा सामायिक वहीत सापडला नसता आणि नोंदणी तिथेच अडली असती. कुणी वही उघडली असती तर. (आणि तपासायचंच होतं, तर महापालिकेला एक ईमेलही पुरला असता.) उलट अधिकृत हातानेच खोटी नोंद शिरली, तर साखळी तीही इमानेइतबारे जपेल.

खरा उपयोग मला दिसतो तो जामिनाच्या आदेशात. न्यायालयातून तो कधी निघाला, कुणाच्या हातात किती वेळ राहिला, कल्याणच्या आधारवाडी तुरुंगात कधी पोचला, याची प्रत्येक नोंद न खोडता येणारी. आदेश उशिरा पोचला, की जामीन मिळालेला माणूसही रात्र आतच काढतो. ती रात्र कुणाच्या टेबलावर अडकली होती, हे निदान दिसेल.